राहत्या घरात मिळून आली

"तुझ्या दारावर 'बंद' लिहिलंय गं," शेवंती म्हणाली, गोळ्यांची पिशवी बाकावर ठेवली आणि खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जसं काही दूधवाला आज येणार नाही एवढंच सांगायचं होतं. रत्नप्रभा इयत्ता पाचवी 'ब'च्या वर्गात, दहा वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. टेकडीवरची वस्ती रिकामी करून सगळ्यांना शाळेत आणलं, त्याचा हा तिसरा दिवस होता. शेजारची शेवंती ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला सकाळी पोलिसांच्या सोबतीने टेकडीवर जाऊन आली होती. पाच मिनिटं दिली म्हणे, घड्याळ लावून. रत्नप्रभा उठून रांगेत तिच्या मागे गेली. "कोणी लिहिलं?" "सर्वेवाले आलेले काल. लाल रंगाने लिहिलंय. सगळ्यांच्याच दारांवर आहे, माझ्यापण." "काल? काल तर आपण इथे होतो." "म्हणून तर बंद ना," शेवंती म्हणाली आणि द्रोण पुढे केला. "वस्तीच्या कमिटीतले भाऊ बघतो म्हणाले. तू खाऊन घे."

खाऊन घे! रत्नप्रभा रांगेतून बाहेर पडली, वर्गात गेली, पुन्हा बाहेर आली. बसावं तर बसवेना, उभं राहावं तर राहवेना. विक्रोळीच्या जांभूळटेकडीवर सदतीस वर्षं राहिलेल्या बाईला 'बंद' या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सर्वेवाला येतो, दार वाजवतो, कुलूप दिसलं की लिहितो 'बंद'. बंद म्हणजे इथे कोणी राहत नाही. कोणी राहत नाही म्हणजे टेकडी उठवून उद्या कुठे पक्की घरं दिली तर त्या यादीत तिची चाळीस नंबरची खोली नाही. मग सदतीस वर्षं तिथे भाकऱ्या कोणी भाजल्या, ते कोणी विचारत नाही. आणि कुलूप लावलं कोणी? तिनेच. स्वतःच्या हाताने. लावून वर दोनदा ओढूनसुद्धा बघितलं होतं.

परवा दुपारी पोलीस आले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. खालून शिट्ट्या ऐकू आल्या, मग भोंग्यावरून कोणीतरी ओरडत आला, दहा मिनिटांत घरं रिकामी करा. वरची भिंत कलली आहे हे काही तिला नवीन नव्हतं. टेकडी ढासळू नये म्हणून बांधलेली ती दगडी भिंत मे महिन्यापासून पोटुशी बाईसारखी पुढे आली होती, तिच्या खालून तांबडं पाणी झिरपत होतं, आणि त्याचा फोटो काढून वस्तीने दोन अर्जही दिले होते. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या अंगाला अशीच भिंत आली तेव्हा दोन माणसं गेली, त्यांची प्रेतं तिने पाहिली होती. त्यामुळे निघायचं नाही असा हट्ट कोणाचाच नव्हता. जीव कोणाला नको असतो? पण निघायचं म्हणजे किती दिवसांसाठी, कुठे, कोणाच्या हुकमाने, एवढं तरी माणसाने माणसाला सांगावं की नाही? सबइन्स्पेक्टर वाळके, वय जेमतेम अठ्ठावीस, काठी बाजूच्या पत्र्यावर आपटत बोलत होता. गुरं गोठ्यातून काढतानासुद्धा गावाकडे माणूस त्यांच्या पाठीवर हात ठेवतो. तिने विचारलं होतं, "साहेब, कागद आहे का?" तर तो म्हणाला, "आजी, भिंत पडताना कागद दाखवणार आहे का?" आणि सगळे हसले. वस्तीतलेच हसले. शेवंतीपण हसली.

तरी ती उंबऱ्यात बसून राहिली असती. पण ती पोरगी पुढे आली, प्रांजल नावाची महिला पोलीस, गणवेशात अजून घडीचा वास असेल इतकी नवी. तिने दंडाला धरलं आणि कानाशी वाकून बोलली, "काकी, मी पण तुमच्याच बाजूची, कणकवलीची. माझा आयका. दोन दिसांचो प्रश्न आसा. कुलूप घाला आणि चला, चावी तुमच्याकडेच रवतली." बस्स. एवढ्याने रत्नप्रभा विरघळली. या शहरात इतकी वर्षं काढून तिला एक गोष्ट शिकता आली नाही. समोरचं माणूस 'माका, तुका' करून बोललं की तिची अक्कल चुलीत जायची. रेशनवाला गाववाला म्हणून त्याच्याकडून ओले गहू घेतले, डॉक्टर गाववाला म्हणून त्याच्याकडे गुडघा दाखवत चार वर्षं फुकट घालवली. गणवेशातून मालवणी ऐकू आली आणि तिला वाटलं, आपल्या माणसाच्या हातून वाईट कसं होईल! तिने तांदळाचं सूप तसंच ठेवलं, गॅस बंद केला, कुलूप घातलं, आणि त्या पोरीने पुढे केलेल्या छापील कागदावर सहीसुद्धा केली. काय लिहिलंय ते चष्म्याशिवाय वाचता आलं नाही. शाळेत आल्यावर कोणीतरी सांगितलं, त्यावर 'स्वेच्छेने' असं होतं.

स्वेच्छेने! तिचा नवरा गुणाजी आज असता तर त्याने तिला उभी सोलली असती. कुलूप या एका गोष्टीवर त्या माणसाने आपलं अख्खं आयुष्य बेतलं होतं. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी धरून त्याने टेकडीवर ही खोली उभी केली, चार पत्रे आणि एक दार. दोन हजार सालच्या गणपतीत दोघं पोराला घेऊन नेहमीप्रमाणे देवगडकडे गावी गेली होती. कोकणातला माणूस तेव्हा मुंबईत नसतोच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि नेमका त्याच आठवड्यात सर्वे झाला. परत आली तर अर्ध्या ओळीवर 'बंद'. आरती म्हणून म्हणून बसलेल्या आवाजात गुणाजी त्या दारापुढे उभा राहून ज्या शिव्या द्यायला लागला, तसल्या तिने त्याच्या तोंडून त्याआधी किंवा त्यानंतर कधी ऐकल्या नाहीत. सहा वर्षं तो ऑफिसांचे उंबरे झिजवत होता. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचा, कागदांची पिशवी काखेत मारायचा. शेवटी नाव यादीत चढलं, पण तोपर्यंत त्याने घराला एक कायदा घालून दिला होता. खोली कधी बंद राहायची नाही. गणपतीला एका वर्षी तो जाणार, एका वर्षी ती. राहील त्याने दिवसभर दार उघडं ठेवायचं, आत दिसेल असं बसायचं. एकोणीस वर्षं नवरा-बायकोने मिळून एक आरती म्हटली नाही. तिच्या पाळीला ती गावी जाऊन सासूच्या हाताखाली मोदक वळायची आणि मन इथे. त्याच्या पाळीला ती इथे उघड्या दारात, आणि तो तिथे भजनात टाळ कुटायचा. लोक चेष्टा करायचे, घाडीच्या घरात काय फूट पडली की काय! निलेश लहान असताना विचारायचा, आई, आपण तिघं कधी जाणार? गुणाजी म्हणायचा, पक्कं घर मिळालं की. तोवर एक जण खुर्चीत.

आणि दोन हजार एकोणीसला त्याची पाळी होती. पाचव्या दिवशी भजनातून उठला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि पडवीतच गेला. दिराचा फोन आला तेव्हा ती उघड्या दारात बसून ओवा पाखडत होती. फोन कानाला तसाच ठेवून तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'खोली'. "खोली कोण बघणार?" असं ती आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या भावाला म्हणाली. आजसुद्धा ते आठवलं की तिला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. तिने शेवंतीला चावी दिली, दार उघडं ठेव म्हणून तीनदा बजावलं, मग ती रडली आणि मग बस धरली. महामार्ग गाड्यांनी तुंबला होता. ती पोचली तोपर्यंत राख निवली होती. त्यानंतर तिने गावचे गणपतीच सोडले. पाळी वाटून घ्यायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं, तेव्हा दर वर्षी तीच बसायची. आणि एवढं सगळं ज्या दारासाठी केलं, त्याला तिने परवा एका पोरीच्या गोड बोलण्यावर टाळं ठोकलं. आपण होऊन, स्वेच्छेने.

फाटकावर वही ठेवली होती. बाहेर जाणाऱ्याने नाव, वेळ आणि कारण लिहायचं. एकसष्ट वर्षांच्या बाईने बाहेर कशाला जाते ते एका होमगार्डला लिहून द्यायचं! दिवसातून दोनदा मोजणी होत होती, हात वर करा म्हणत. संडासाची चावी शिपायाकडे, शिपाई चहाला. परवापासून ती हे सगळं गिळत होती, कारण दोन दिसांचो प्रश्न होता. तिने निलेशला फोन लावला. तो विरारला राहतो, कुरियरच्या ऑफिसात असतो. "आई, आत्ता मीटिंगमध्ये आहे. जीव वाचला ना? मग झालं तर. ड्रामा नको करूस, प्लीज. संध्याकाळी इकडे ये राहायला." "तिकडे आले तर बंदच होईल ना रे खोली." "होऊ दे ना यार आई! त्या खोलीने काय दिलं आपल्याला?" तिने फोन ठेवला. तिला त्याचा राग आला आणि त्याच्या प्रश्नाचा त्याहून जास्त. वहीत कारणाच्या रकान्यात तिने 'घरी' असं लिहिलं.

टेकडीच्या पायथ्याशी देवळापुढे दोरी बांधली होती, आणि ताडपत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर वाळके चहा पीत बसला होता. पाऊस सकाळपासून थांबलेला होता. "कुठे, आजी?" "घरी." "वर जाता येणार नाही. धोका आहे." "सर्वेवाल्यांना नव्हता?" "ते सरकारी काम आहे." "बरी गं बाई भिंत," रत्नप्रभा म्हणाली, "सरकारी माणूस बघून पडायची थांबते." प्रांजल मागे उभी होती, तिने मान खाली घातली. वाळके उठला. आजी, समजून घ्या, ते नुसतं मार्किंग आहे, असं काय काय बोलला. तिने सरळ विचारलं, "ऑर्डर दाखवा. मला घराबाहेर ठेवायची." त्याने खिशातून फोन काढून तिच्या नाकापुढे धरला. "हे बघा, आलेली आहे." "फोन नको, कागद द्या. त्यात चाळीस नंबर आहे का? किती दिवसांची आहे?" "वस्तीची आहे. पुढील आदेश येईपर्यंत." "म्हणजे मी मरेपर्यंत पण चालेल." आता त्याचाही आवाज चढला. "आजी, मर्यादा सोडू नका हां. पलीकडे पाऊल टाकलंत तर आदेश मोडला म्हणून गुन्हा दाखल करीन. वय बघणार नाही." एकदा तिला वाटलं, परतावं. गणवेशापुढे खाली बघायची सवय हाडांत मुरलेली असते, ती एका दुपारीत जात नाही. पण त्याचा फोन वाजला, तो "जी सर, जी सर" करत पाठमोरा झाला, आणि त्याची ती आज्ञाधारक पाठ बघून तिचं डोकं असं काही सटकलं की कमरेचं दुखणं विसरून ती दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

एकशे दहा पायऱ्या. मागून हाका येत होत्या, तिने वळून पाहिलं नाही. दारावर खरंच लिहिलं होतं. अक्षर चांगलं नव्हतं, घाईघाईने लिहिलेलं, 'द'चा रंग कडीपर्यंत ओघळला होता. तिने कुलूप काढलं, दार पूर्ण उघडलं आणि आत खुर्ची ओढून बसली, गुणाजीच्या कायद्याप्रमाणे, बाहेरून दिसेल अशी. सुपात तांदळाला मुंग्या लागल्या होत्या. मागच्या बाजूने पाण्याचा आवाज येत होता आणि मधेच एखादा खडा पत्र्यावर पडून घरंगळत जात होता. तिला भीती वाटली. वाटली नाही असं कोण म्हणेल? भिंत आत्ता आली तर आपण इथेच सपाट होऊ, आणि मग ते लिहितील, म्हातारी ऐकत नव्हती. हे मनात आल्याबरोबर भीतीपेक्षा संताप मोठा झाला. तिने गुणाजीची कागदांची पिशवी खुंटीवरून काढून मांडीवर घेतली. लाइटबिल गुणाजीच्या नावाने. सर्वेची जुनी पावती गुणाजीच्या नावाने. रेशनकार्डावरही तोच, तिचं नाव गावच्या सासूच्या कार्डावर. तिचं स्वतःचं आधारकार्ड गावच्या पत्त्याचं, कारण तिच्या पाळीच्या वर्षी ती गावी असताना तिथल्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं आणि सगळ्या जावांनी मिळून हौसेने काढलं होतं. म्हणजे नवरा मयत, बायको गावची, खोली बंद. अख्खी पिशवी उलटी केली तरी रत्नप्रभा या बाईने इथे एक दिवसही काढला असं सांगणारा एक चिटोरा निघाला नाही. आणि मग ती खुर्चीत ताठ झाली. गुन्हा दाखल करीन, असं तो म्हणाला होता. गुन्ह्याचा कागद होतो. त्यात नाव घालतात, पत्ता घालतात, माणूस कुठे सापडला ते घालतात.

प्रांजल धापा टाकत दारात आली. वर भिंतीकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "काकी, भायर येवा. पाया पडतंय तुमच्या." "तूच माका कुलूप घालूक सांगलंस." "माका खय म्हायत होता सर्वे येतलो तो?" "तुका म्हायत नाय, तुझ्या साहेबाक म्हायत नाय. मगे म्हायत कोणाक होता, त्या भिंतीक?" पोरीचे डोळे भरून आले, पण रत्नप्रभाला आज तिची दया येत नव्हती. एका गाववालीची दया तिला पुरेशी महाग पडली होती. "मी खय बसलंय, बघून ठेव," ती म्हणाली. "खोलीचो नंबर वाच. मोठ्यान वाच." "चाळीस," प्रांजल म्हणाली. "आता धर माका आणि ने." ती दार उघडंच टाकून बाहेर पडली. प्रांजल कडी लावायला वळली तर तिने तिचा हात झटकला.

चौकीत वाळकेने तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि घाम पुसत म्हणाला, "हे बघा आजी, यावेळी समज देऊन सोडतो. जा, घरी जा." म्हणाला आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे शाळेत जा." "सोडू नका," रत्नप्रभा म्हणाली. "काय?" "गुन्हा दाखल करणार होतात ना? करा." तो हसला. "अहो, कोर्ट लागेल, तारखा पडतील, तुमच्याने होणार आहे का?" "पंचवीस वर्षं आम्ही एका खुर्चीत बसून काढली आहेत. तारखांचं मला सांगू नका." "कशासाठी पण?" तिने टेबलावर दोन्ही हात ठेवले. तिचा आवाज इतका मोठा निघाला की आतल्या खोलीतलं टाइप करणं थांबलं. "काल तुमच्या सरकारने दारावर लिहिलं, या खोलीत कोणी राहत नाही. आज तुमच्याच पोलिसाने मला त्या खोलीतून धरून आणलं. दोन्हीतलं एक खोटं आहे. कुठलं ते लिहा! मी राहत नसेन तर मी तिथे चोर आहे, चोरी लावा. राहत असेन तर माझ्या घरात बसल्याचा गुन्हा लावा. काहीतरी लावा, पण लिहा!" वाळकेला हळूहळू उमगलं, आणि उमगलं तसं ते त्याला अजिबात आवडलं नाही. तो आत मोठ्या साहेबांकडे गेला. बराच वेळ आत कुजबुज चालली. बाकावर बसलेला पाकीट चोरीला गेलेला एक माणूस आपली तक्रार विसरून रत्नप्रभाकडे बघत होता. वाळके बाहेर आला तो मान हलवतच. "साहेब म्हणतात, जाऊ द्या." "मी जात नाही," ती म्हणाली. "रात्री बाईला चौकीत बसवून ठेवता येत नाही, आणि मला उचलून कुठे टाकणार? माझ्या घरी?"

चार वाजले, साडेचार वाजले. साडेचारला मोठे साहेब गाडीत बसून निघून गेले, आणि जाताना वाळकेला काहीतरी तुसडं बोलले. तो येऊन धपकन खुर्चीत बसला, कीबोर्ड पुढे ओढला. "नाव?" "रत्नप्रभा गुणाजी घाडी." "वय?" "एकसष्ट." "राहणार? आधारवर काय आहे?" "आधार गावचं आहे. तुम्ही मला देवगडला पकडलं काय?" प्रांजलच्या तोंडून हसू फुटलं, ते तिने रुमालात लपवलं. वाळकेने दात ओठ खात टाइप केलं. कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा रत्नप्रभाने तो प्रांजलच्या हातात दिला. "वाच. परवासारखं नको. सगळं वाच."

प्रांजल उभी राहून वाचायला लागली. "आरोपी नामे रत्नप्रभा गुणाजी घाडी, वय एकसष्ट वर्षे, राहणार खोली क्रमांक चाळीस, जांभूळटेकडी, विक्रोळी, ही मनाई आदेशाचा भंग करून तिच्या राहत्या घरात मिळून आली." "परत वाच," रत्नप्रभा म्हणाली. प्रांजलने परत वाचलं. तिच्या राहत्या घरात मिळून आली. गुणाजीने एवढ्या चपला झिजवल्या, त्याला हे वाक्य कोणी लिहून दिलं नाही. साधेपणाने, सचोटीने, उघड्या दारात खुर्ची टाकून मागितलं तेव्हा मिळालं नाही. आरोपी झाल्यावर एका दुपारीत मिळालं. आनंद व्हायला हवा होता, पण तिला तो कागद आणि ते टेबल आणि ती चौकी सगळं मिळून पेटवून द्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी ती हमसून हमसून रडायला लागली. सहा वर्षांपूर्वी गुणाजी गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मग तिने पदराने नाक पुसलं आणि सही केली, या खेपेला चष्मा लावून.

"झालं ना आता तुमच्या मनासारखं?" वाळके म्हणाला. "जा, शाळेत जेवणाची वेळ होत आली."

"नक्कल द्या," रत्नप्रभा म्हणाली. "शिक्का मारून."

त्याने मारला. तिने कागदाची घडी घातली, पिशवीत गुणाजीच्या कागदांवर ठेवली, आणि फोन काढून शेवंतीला लावला. "जेवलीस का?" तिने विचारलं. "नाही? मग ते राहू दे. ओळीतल्या सगळ्या बायकांना घेऊन चौकीत ये. वर जाऊ नका, भिंत वाईट आहे. इथे या आणि साहेबांना सांगा, आम्हीपण घरी जाणार आहोत, आमचापण पत्ता लिहून घ्या."

वाळकेने कीबोर्डवरचे हात काढून घेतले होते. ती तिथेच, त्याच्या समोरच्या खुर्चीत, दारातून दिसेल अशी बसून राहिली.